एपीआय, सार्वजनिक आकडेवारी आणि वाराणसीची हवा

गंगेच्या डाव्या तीरावर वसलेल्या वाराणसी शहरात अर्दली बाजार, भेलूपूर, मलदहिया आणि बनारस हिंदू विद्यापीठाचा परिसर या ठिकाणी हवेची गुणवत्ता सतत मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांतील उपकरणे हवेतील सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन इत्यादी घटकांचे प्रमाण नोंदवितात. ही नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते व तेथून शासनाच्या मुक्त माहिती संकेतस्थळावर कोणाही नागरिकास उपलब्ध होते. हिवाळ्यात धुके आणि धूर एकत्र दाटले म्हणजे घाटावर पहाटे फिरावयास जाणाऱ्या वृद्धाला, दम्याचा विकार असलेल्या मुलाच्या पालकांना किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना या आकड्यांची गरज भासते.

उपकरणापासून नागरिकाच्या भ्रमणध्वनीपर्यंतच्या या प्रवासात आकडा अनेक हातांतून जातो. त्यांपैकी शेवटचा टप्पा सहसा दुर्लक्षित राहतो. प्रकाशित आकडेवारी एका संगणकाने दुसऱ्या संगणकाकडून मागून घेण्याचा हा टप्पा होय. या टप्प्यावर झालेली चूक मोजमापातील चुकीइतकीच घातक ठरू शकते. ती टाळण्यासाठी अलीकडील वर्षांत 'प्रकारबद्ध' क्लायंट लायब्ररी या साधनाचा वापर वाढला आहे. या साधनाचे स्वरूप, उपयोग आणि मर्यादा यांचा विचार येथे वाराणसीच्या हवेच्या आकडेवारीच्या आधारे केला आहे.

एपीआय म्हणजे काय?

'ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस' म्हणजेच एपीआय ही दोन संगणकप्रणालींमधील ठरलेल्या व्यवहाराची पद्धत आहे. तहसील कार्यालयात सातबाऱ्याचा उतारा हवा असल्यास ठरावीक नमुन्यात अर्ज करावा लागतो, गट क्रमांक लिहावा लागतो आणि ठरावीक रूपातच उतारा मिळतो. एपीआयचे कार्य याच स्वरूपाचे असते. मागणी करणाऱ्या प्रणालीस क्लायंट आणि ती पुरविणाऱ्या प्रणालीस सर्व्हर असे म्हणतात. महाजालावर हा व्यवहार एचटीटीपी या नियमावलीनुसार चालतो. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हिन शाखेस सादर केलेल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचनापद्धती मांडली आणि पुढे महाजालावरील बहुसंख्य एपीआय तिच्या आधारे उभे राहिले. उत्तर बहुधा 'जेसॉन' या सुटसुटीत मजकूर-नमुन्यात येते.

प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी स्थितीक्रमांक असतो. २०० म्हणजे मागणी मान्य, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही, ४२९ म्हणजे मागण्या मर्यादेपेक्षा अधिक झाल्या आणि ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाला, असे त्यांचे अर्थ ठरलेले आहेत.

भारतातील धोरणात्मक चौकट

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रकट करणे अपेक्षित आहे. या तत्त्वाचा विस्तार म्हणून २०१२ मध्ये राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व उपलब्धता धोरण अधिसूचित झाले आणि त्याच वर्षी मुक्त शासकीय माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त एपीआयविषयक धोरण जाहीर केले. अशा माहितीचा पुनर्वापर कोणत्या अटींवर करता येईल, हे २०१७ च्या मुक्त शासकीय माहिती परवान्याने स्पष्ट केले. पुढे २०२० मध्ये 'एपीआय सेतू' या व्यासपीठाचा प्रारंभ झाला. २०१६ पासून कार्यरत असलेली यूपीआय ही देयक व्यवस्थाही बँकांमधील ठरलेल्या एपीआयवरच उभी आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत शासकीय आकडेवारी ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. मात्र ती वापरण्यायोग्य करण्यासाठी प्रत्येक वापरकर्त्यास वेगळा खर्च करावा लागत असेल, तर तिचा सामाजिक लाभ घटतो. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली ज्या व्यवहार-खर्चाकडे लक्ष वेधले, त्याचेच हे एक आधुनिक रूप मानता येईल. शंभर संस्थांनी तीच आकडेवारी वाचण्यासाठी शंभर वेळा तीच आज्ञावली लिहावी आणि त्यांतील काहींनी त्याच चुका पुन्हा कराव्यात, हा श्रमाचा अपव्यय होय.

वाराणसीची नोंद

मुक्त माहिती संकेतस्थळावरील हवा गुणवत्तेच्या संचात प्रत्येक नोंदीमध्ये देश, राज्य, शहर, केंद्राचे नाव, शेवटच्या अद्ययावतीकरणाची वेळ, अक्षांश, रेखांश, प्रदूषकाचे नाव आणि किमान, कमाल व सरासरी मूल्य असे रकाने असतात. मागणी करताना वापरकर्त्यास स्वतःची कळ, उत्तराचा नमुना, किती नोंदी हव्यात व कितव्या नोंदीपासून हव्यात हे सांगावे लागते. शहराच्या नावानुसार नोंदी गाळून घेण्याचीही सोय आहे.

वरवर पाहता ही व्यवस्था सरळ आहे. तथापि प्रत्यक्ष वापरात चार अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण संख्येच्या रूपाची आहे. उत्तरातील मूल्ये अनेकदा संख्या म्हणून न येता अक्षरमाला म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत बांधलेल्या मजकुराच्या रूपात येतात. अक्षरमालांची तुलना शब्दकोशातील शब्दांप्रमाणे डावीकडील पहिल्या अक्षरापासून होते. त्यामुळे '९५' ही अक्षरमाला '१३०' पेक्षा मोठी ठरते. दोन अक्षरमालांची बेरीज केल्यास जावास्क्रिप्ट ही भाषा त्या एकापुढे एक जोडते. १२० आणि १४० यांची बेरीज २६० येण्याऐवजी १२०१४० येते. इतकी मोठी चूक निदान दिसून तरी येते. तुलनेतील चूक मात्र सहजासहजी लक्षात येत नाही.

दुसरी अडचण अनुपलब्ध मूल्यांची आहे. उपकरण बंद असल्यास किंवा पुरेशी मोजमापे झाली नसल्यास मूल्याच्या जागी 'एनए' अशी खूण येते. काही प्रणालींमध्ये ही जागा रिकामी सोडली जाते. जावास्क्रिप्टमधील प्रचलित रूपांतर पद्धतीनुसार 'एनए' चे रूपांतर 'संख्या नव्हे' अशा विशेष मूल्यात होते, तर रिकाम्या अक्षरमालेचे रूपांतर शून्यात होते. यामुळे काय घडते, हे एका कल्पित उदाहरणावरून समजते. समजा, एखाद्या दिवशी चारपैकी तीन केंद्रांवर पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरमागे १२०, १४० आणि १३० मायक्रोग्रॅम असून चौथ्या केंद्राचे मूल्य उपलब्ध नाही. उपलब्ध तीन मूल्यांची सरासरी १३० येते. चौथे मूल्य शून्य धरल्यास एकूण ३९० ला चाराने भागून ९७.५ हे उत्तर मिळते. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकानुसार पीएम २.५ चे प्रमाण १२१ ते २५० असल्यास हवा 'अतिशय वाईट' आणि ९१ ते १२० असल्यास 'वाईट' या वर्गात मोडते. बंद पडलेल्या एका उपकरणामुळे शहराची हवा कागदावर एका पायरीने सुधारते आणि ज्यांनी घराबाहेर पडू नये त्यांना चुकीचा दिलासा मिळतो.

तिसरी अडचण दिनांकाची आहे. आपल्याकडे प्रथम दिवस, मग महिना व शेवटी वर्ष लिहितात. अनेक संगणकप्रणाली अमेरिकी पद्धतीने प्रथम महिना वाचतात. '०५-११-२०२४' हा ५ नोव्हेंबर आहे की ११ मे, हे केवळ मजकुरावरून ठरत नाही. गंगेच्या खोऱ्यातील मैदानी शहरांत नोव्हेंबर आणि मे या महिन्यांतील हवेत मोठा फरक असतो, हे पाहता ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. वेळेसोबत कालविभागाचा उल्लेख नसेल, तर भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतील साडेपाच तासांचा फरकही गणनेत शिरू शकतो.

चौथी अडचण अपुऱ्या उत्तराची आहे. सर्व्हर एका वेळी ठरावीक संख्येइतक्याच नोंदी देतो. नमुना म्हणून दिलेली सार्वजनिक कळ वापरल्यास जास्तीत जास्त १० नोंदी मिळतात. एकूण नोंदी किती आणि हाती किती आल्या, हे उत्तरातच लिहिलेले असते. ते न पाहता पहिल्या १० नोंदींवरून निष्कर्ष काढल्यास एखादे केंद्र पूर्णपणे वगळले जाण्याची शक्यता राहते.

प्रकारबद्ध क्लायंटचे कार्य

संगणकशास्त्रात 'प्रकार' म्हणजे एखाद्या मूल्याविषयी आधीच केलेले विधान होय. अमुक रकाना संख्या आहे, अमुक रकाना अक्षरमाला आहे, अमुक रकाना कधीकधी रिकामा असू शकतो, असे त्याचे स्वरूप असते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर केलेली टाइपस्क्रिप्ट ही भाषा जावास्क्रिप्टला अशा विधानांची जोड देते. विधानाशी विसंगत आज्ञा लिहिल्यास ती चालविण्यापूर्वीच, म्हणजे लेखनाच्या टप्प्यावरच, चूक दाखविली जाते.

प्रकारबद्ध क्लायंट लायब्ररी या सोयीचा उपयोग एपीआयच्या मागणीसाठी करते. त्यासाठी एपीआयचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन लागते. स्वॅगर या नावाने सुरू झालेली वर्णनपद्धती २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्थापन झालेल्या उपक्रमाकडे सोपविण्यात आली आणि आज ती ओपनएपीआय या नावाने ओळखली जाते. कोणत्या पत्त्यावर मागणी करावी, कोणते घटक आवश्यक आहेत, कोणते ऐच्छिक आहेत आणि प्रत्येक स्थितीक्रमांकासोबत कोणत्या आकाराचे उत्तर येईल, हे सर्व त्या वर्णनात नमूद असते. या वर्णनावरून प्रकार आपोआप तयार करता येतात. ओपनएपीआय-फेच ही या गटातील एक सुटसुटीत लायब्ररी आहे.

अशी लायब्ररी वापरल्यावर व्यवहारात तीन बदल घडतात. मागणीतील आवश्यक घटक, उदाहरणार्थ कळ, लिहावयाचा राहिल्यास लेखन करतानाच इशारा मिळतो. सरासरी मूल्याचा रकाना अक्षरमाला आहे असे नमूद असल्यास तो थेट गुणाकार वा भागाकारात वापरता येत नाही. रूपांतर जाणीवपूर्वक करावे लागते. रकाना रिकामा असू शकतो असे नमूद असल्यास त्या शक्यतेचा निर्णय घेतल्याविना पुढे जाता येत नाही. अनुपलब्ध मूल्य वगळावे, आदल्या तासाचे घ्यावे की 'माहिती नाही' असे जाहीर करावे, हा निर्णय माणसाचाच राहतो. परंतु तो घेणे टाळता येत नाही, हेच या साधनाचे मुख्य योगदान होय.

चूक हाताळण्याची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. ब्राउझरमधील 'फेच' ही मूळ सोय ४०४ किंवा ५०० असे उत्तर आल्यास स्वतःहून अडथळा निर्माण करीत नाही; केवळ संपर्कच झाला नाही तर ती अपयश कळविते. त्यामुळे स्थितीक्रमांक न तपासल्यास बिघाडाचा मजकूर हाच आकडेवारी समजून वाचला जाण्याचा धोका असतो. ओपनएपीआय-फेचसारख्या लायब्ररी यशस्वी उत्तर आणि चुकीचे उत्तर वेगवेगळ्या घटकांत देतात.

सुटसुटीतपणाचे अर्थशास्त्र

'सुटसुटीत' या विशेषणाला येथे नेमका अर्थ आहे. फेच ही सोय ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. नोड या सर्व्हरवरील व्यवस्थेतही २०२२ मधील १८ व्या आवृत्तीपासून ती मूळ संचात मिळू लागली. सुटसुटीत लायब्ररी तिच्यावरच पातळ आवरण घालते आणि तयार केलेले प्रकार अंतिम आज्ञावलीतून गळून जात असल्याने त्यांचा भार वापरकर्त्याच्या यंत्रावर पडत नाही. स्वस्त भ्रमणध्वनी आणि मंद जोडणी वापरणाऱ्या नागरिकांसाठी हा लाभ महत्त्वाचा आहे. परावलंबन कमी असल्याने देखभालीचा खर्चही घटतो. एखाद्या नगरपालिकेने किंवा महाविद्यालयाने तयार केलेली प्रणाली मूळ लेखक निघून गेल्यावरही चालू राहावी, यासाठी ती लहान आणि वाचण्याजोगी असणे इष्ट ठरते.

उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मागणी अयशस्वी झाल्यास ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करणे, उत्तरांचा तात्पुरता साठा ठेवणे, एकामागून एक पृष्ठे मागविणे या सोयी सुटसुटीत लायब्ररीत बहुधा नसतात. त्या वापरकर्त्यालाच जोडाव्या लागतात.

प्रकाराच्या मर्यादा

प्रकार हे आश्वासन आहे, पुरावा नव्हे. टाइपस्क्रिप्टमधील प्रकार आज्ञावली चालण्यापूर्वीच नाहीसे होतात. सर्व्हरने वर्णनात 'संख्या' असे लिहून प्रत्यक्षात 'एनए' पाठविले, तर केवळ प्रकारामुळे ते अडत नाही. म्हणून उत्तर हाती आल्यावर त्याची प्रत्यक्ष तपासणी करणारी वेगळी पायरी आवश्यक ठरते. वर्णन जुने झाले असेल किंवा मुळातच अपुरे असेल, तर त्यावरून तयार झालेले प्रकारही तितकेच सदोष राहतात.

दुसरी मर्यादा अर्थाची आहे. हवा गुणवत्तेच्या नोंदीत एककासाठी स्वतंत्र रकाना नाही. १३० ही संख्या दर घनमीटरमागील मायक्रोग्रॅम दर्शविते की निर्देशांकाचे मूल्य, हे 'संख्या' या प्रकारातून उमगत नाही. पीएम २.५ चे प्रमाण १३० असेल तर हवा 'अतिशय वाईट' ठरते. निर्देशांक १३० असेल तर ती 'मध्यम प्रदूषित' ठरते. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण तर मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये व्यक्त करतात. संचासोबतचे स्पष्टीकरण वाचण्यास पर्याय नाही.

तिसरी मर्यादा पद्धतीची आहे. ६ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्देशांकात पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे हे ८ घटक विचारात घेतले जातात. निर्देशांक काढण्यासाठी किमान ३ घटकांची माहिती लागते व त्यांत पीएम १० किंवा पीएम २.५ यांपैकी एक असावाच लागतो. चोवीस तासांच्या सरासरीसाठी किमान १६ तासांची मोजमापे अपेक्षित असतात. हे नियम प्रकारांत मावत नाहीत. ते आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

आकडा आणि निधी

या विषयाचा संबंध केवळ आरोग्याच्या सूचनेपुरता नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात वाराणसीचा समावेश आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी दशलक्षाहून अधिक लोकवस्तीच्या नागरी समूहांना द्यावयाच्या अनुदानाचा एक भाग हवेच्या गुणवत्तेतील सुधारणेशी जोडला. वाराणसी या गटातही येते. वार्षिक सरासरी आणि चांगल्या हवेच्या दिवसांची संख्या यांवर निधी अवलंबून असेल, तर अनुपलब्ध मूल्य कसे हाताळले हा तांत्रिक प्रश्न वित्तीय प्रश्न बनतो. अधिकृत मूल्यमापन शासकीय यंत्रणा स्वतःच्या पद्धतीने करतात. पण त्या मूल्यमापनाची पडताळणी संशोधक, पत्रकार आणि नागरिक याच मुक्त आकडेवारीवरून करू शकतात. पडताळणी करणाऱ्याचीच गणना सदोष असल्यास सुधारणा नसताना ती दिसेल किंवा झालेली सुधारणा नाकारली जाईल. दोन्ही प्रकारांत सार्वजनिक चर्चेची हानी होते.

उभयपक्षी जबाबदारी

माहिती प्रकाशित करणाऱ्या यंत्रणेने एपीआयचे अचूक वर्णन प्रसिद्ध करणे, रकान्याचे नाव वा रूप बदलताना नवी आवृत्ती जाहीर करून जुनी काही काळ चालू ठेवणे, अनुपलब्ध मूल्यासाठी एकच खूण वापरणे आणि एकक व कालविभाग स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. वापरकर्त्यानेही स्वतःची कळ गुप्त राखणे, सर्व्हरवर अनावश्यक भार न टाकणे, मिळालेल्या उत्तराची तपासणी करणे आणि निष्कर्षासोबत किती केंद्रांची माहिती वापरली ते नमूद करणे अपेक्षित आहे. हवेच्या आकडेवारीत व्यक्तिगत तपशील नसतात. परंतु ज्या एपीआयमधून व्यक्तींची माहिती जाते, त्यांच्या बाबतीत डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील बंधनांचाही विचार करावा लागतो.

आकडेवारी खुली करणे हा पारदर्शकतेचा पहिला टप्पा होता. ती सर्वांना सारख्याच अर्थाने वाचता येणे हा पुढचा टप्पा आहे. प्रकारबद्ध व सुटसुटीत क्लायंट लायब्ररी हे त्या दिशेचे एक लहान, परंतु उपयुक्त साधन होय. मोजमापाची गुणवत्ता, केंद्रांची संख्या आणि प्रशासनाची तत्परता यांची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र अर्दली बाजारातील उपकरण एखाद्या रात्री बंद पडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केंद्राची हवा शुद्ध झाल्याचे दिसू नये आणि 'माहिती उपलब्ध नाही' असे स्पष्टपणे वाचावयास मिळावे, एवढी खबरदारी ते घेऊ शकते. नागरिकाचा आकड्यांवरील विश्वास अशाच खबरदारीतून दृढ होत जातो.